छत्रीवाल्या बकरीची वीस कार्डं

मला नोटिसा वाचायची सवय नाही. शाळेत नोटीस फिरते, शिपाई वही पुढे धरतो, मी सही ठोकते आणि ब्रश धुवायला लागते. तीस वर्षं चित्रकला शिकवतेय, नोटीस न वाचल्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नव्हतं. त्या शनिवारी पाहिलं.

वाचनालयाचं छप्पर गळत होतं आणि पुस्तकांना बुरशी धरत होती, म्हणून मुलांच्या चित्रांची शुभेच्छापत्रं छापून विकायची, ही कल्पना माझीच. हौस माझी, म्हणजे राबणंही माझ्याच वाट्याला. मी साठ चित्रं निवडली, प्रत्येकाची वीस कार्डं. कार्डाच्या पाठीवर तळाशी तीन ओळी: मुलाचं नाव, इयत्ता, शाळेचं नाव. पोराचं नाव छापून आलं की आईबाप चार कार्डं जास्त घेतात, हा साधा हिशोब. सोबत तिकीट लावलेलं पाकीट द्यायचं, हीसुद्धा माझीच अक्कल. लोक कार्डं घेऊन नुसती कपाटात ठेवतात, ती कुणाला तरी पोचायला हवीत.

चित्रं वर्गांवरून माझ्याकडे आली तेव्हा प्रत्येकाच्या मागे नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. एक्केचाळीस नंबरच्या मागे चिठ्ठी नव्हती. चित्र मात्र फक्कड: बाकावर उभी राहिलेली बकरी, डोक्यावर छत्री, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू बस चुकल्याबद्दल कंडक्टरला चार शब्द सुनावणार आहे. उजव्या कोपऱ्यात निळा ठिपका. ठिपका पाहिला आणि मी हसलेच. तिसरीतली ती नवी पोरगी, जी चित्राखाली नाव न घालता नेहमी ठिपका देते. मी तिचं नावच ठिपका पाडलं होतं. किती वेळा सांगितलं, "अगं, नाव लिही, नाव! चोरीचं चित्र आहे का?" ती मान खाली घालायची आणि ठिपका आणखी गोल करायची.

शाळेतल्या कुठल्याही मुलाचं चित्र मी नाव न बघता ओळखते, याचा मला भारी गर्व. मला वाटलं, डिंक पाणचट होता, चिठ्ठी पडली असेल. एकोणसाठ मुलांची नावं छापायची आणि या एकटीचं नाही? बिचारीला काय वाटेल! मी हजेरीपट उघडला, तिचं पूर्ण नाव शोधलं, स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली, चिकटवली आणि चित्र छापखान्यात धाडलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

शनिवारी सकाळी नऊला सभागृहात टेबलं मांडली. दहा वाजता नुसती झुंबड. बकरी तर हातोहात जात होती. साडेअकराला आमचे हेडक्लार्क आले, ज्यांना सगळी शाळा अण्णा म्हणते. अण्णा म्हणजे शाळेतला सगळ्यात शांत माणूस. आग लागली तरी आधी फाइल बंद करतील. त्यांनी बकरीचं कार्ड उचललं, हसले, उलटं केलं, आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे नाव कुणी घातलं?"

"मी," मी म्हटलं, तेही ऐटीत. "चिठ्ठी पडली होती. मी ओळखलं कुणाचं ते."

"चिठ्ठी पडली नव्हती. मी काढायला लावली होती." त्यांनी माझं कोपर धरून मला खिडकीपाशी नेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता. "नोटीस फिरवली होती, बाई. तुमची सही आहे तिच्यावर. या मुलीचं नाव कुठेही छापायचं नाही, फोटो लावायचा नाही, फोनवर कुणी विचारलं तर अशी मुलगी आमच्याकडे नाही म्हणून सांगायचं. तिची आई नवऱ्यापासून पळून आलीय. तो शोधतोय त्यांना."

 डोक्यात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, लाज वाटते पण सांगते. आलं ते असं की, मग मला तोंडी का नाही सांगितलंत? दुसऱ्या क्षणी मी स्वतःच्याच थोबाडीत मनातल्या मनात एक लगावली.

"छापली किती?"

"वीस."

टेबलावर आठ होती. ती मी पदरात गोळा केली. बारा बाहेर गेली होती. बारा माणसांच्या पिशव्यांत, पर्समध्ये, खिशांत ती पोर कुठल्या गावात, कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात आहे ते छापील अक्षरांत फिरत होतं. आणि ते फिरवायला मीच तिकिटं लावून पाकिटं दिली होती!

नाव पुकारता येत नव्हतं, त्यानं आणखी बोभाटा झाला असता. मी माइक हातात घेतला. "ऐका हो ऐका! छत्रीवाल्या बकरीच्या कार्डात छपाईची चूक झालीय. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी ताबडतोब परत आणावं, एका बकरीला दोन कार्डं बदल्यात!" माझा आवाज चिरकला. पहिल्या रांगेतली एक आई हसून म्हणाली, "बाई, बकरीला तर काहीच झालेलं दिसत नाही." म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय ना? आणा इकडे!" ती बावरली. तिची नंतर माफी मागितली.

बारा वाजेपर्यंत नऊ परत आली. दहावं एका म्हाताऱ्या आजोबांकडे होतं आणि ते फाटकातून बाहेर पडून बस थांब्यापर्यंत पोचले होते. मी पदर खोचला, टेबलावरची कात्री उचलली आणि धावले. पन्नाशी उलटल्यावर बाईमाणसानं रस्त्यानं कात्री घेऊन धावणं म्हणजे काय शोभा असते ती सगळ्या दुकानदारांनी पाहिली. आजोबा कार्ड द्यायला तयार होईनात. "मला हीच बकरी हवी. माझी बायको रागावली की अगदी अशी दिसते." बस येताना दिसत होती. मी कार्ड त्यांच्या हातातच धरलं आणि कात्रीनं तळाची पट्टी कापून घेतली. नावासकट बकरीचे खूर गेले.

"अहो, हे काय करता!"

"बकरी बाकावर उभी आहे, आजोबा. खूर नसले तरी पडत नाही." पट्टी मुठीत आवळून मी परत फिरले. ते मागून काय बोलले ते मी ऐकलं नाही, आणि नाही ऐकलं तेच बरं.

परत आले तर अण्णांनी अकरावं मिळवलं होतं. आठ आणि अकरा, एकोणीस. मी टेबलाखाली पाहिलं, खोकी उलटी केली, साठही गठ्ठे पत्त्यांसारखे पिसले. विसावं कुठेही नव्हतं.

आणि दारातून ठिपकाची आई आत आली.

ती बेकरीत काम करते. पहाटेची पाळी संपवून थेट आली होती, बाह्यांवर कोपरापर्यंत पिठाचा पांढरा थर. चेहरा उजळलेला. लेकीचं चित्र छापलंय एवढंच तिला ठाऊक होतं. पण आत आल्याबरोबर तिनं आधी सभागृहाची दोन्ही दारं पाहिली, मग माणसं पाहिली, आणि मग टेबलं. मी हे पूर्वीही पालकसभेला पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय बाई चौकस आहे. आता कळलं की ती वाटा मोजत होती.

खोटं बोलायचा विचार आला का? आला. एकोणीस तर मिळाली होती. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या मुठीत ती पट्टी होती. मी मूठ उघडली.

तिनं नाव वाचलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "किती गेली?" एवढंच विचारलं.

"वीस होती. एकोणीस हातात आहेत. ताई, चूक माझी आहे, सगळीच्या सगळी माझी. मला वाटलं..."

"मागच्या गावी," ती माझ्याशी न बोलता त्या पट्टीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्याला औषधाच्या दुकानातली एक पावती मिळाली होती. माझ्या बहिणीच्या घरी विसरलेली. तिच्यावर दुकानाचा पत्ता. चार दिवसांत दारात उभा होता." तिनं उजवी बाही वर सरकवली. कोपराच्या खाली हाड वाकडं जुळलेलं होतं. "शाळेत दाखला द्यावाच लागतो, म्हणून इथे खरं नाव लिहिलं. बाकी कुठे म्हणून नाही. तिला शिकवलंय, वहीवर नाही, चित्रावर नाही, नाव लिहायचंच नाही. मग ती ठिपका देते."

मी तिला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं होतं, चोरीचं चित्र आहे का. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला तेव्हा अक्षरशः वाटलं.

"विसावं कुणाकडे?" ती म्हणाली. "ते मिळालं नाही, तर आम्ही आज निघू. बॅगा भरलेल्याच असतात."

तेवढ्यात टेबल सांभाळणारी आठवीतली मुलगी पुढे झाली. तिला काय चाललंय ते माहीत नव्हतं. "बाई, बकरीचं पहिलं कार्ड तर तिनंच नेलं ना. सकाळी टेबल मांडलं तेव्हाच. फुकट दिलं मी, तिचंच चित्र म्हणून. पाकीटही दिलं."

काखेत कळसा! मी सुटकेचा श्वास सोडला. पोरीकडेच आहे म्हणजे झालं. ठिपका मैदानात झोपाळ्यापाशी होती. आईनं तिला हाक मारली, जवळ घेतली, केस मागे सारले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुझं कार्ड कुठाय गं?"

"पेटीत टाकलं."

"कसल्या पेटीत?"

"पत्राच्या. कोपऱ्यावरच्या. आजीला पाठवलं."

आईचा हात तिच्या केसांतच थांबला. आजी म्हणजे त्या नवऱ्याची आई, त्याच्याच घरात राहणारी. पाकीट त्याच उंबऱ्यावर पडणार होतं.

"पत्ता कुणी सांगितला तुला?" मी विचारलं.

"मला पाठ आहे."

"मीच करून घेतला होता," आई म्हणाली. "चार वर्षांची असताना. हरवलीस तर हा पत्ता सांगायचा म्हणून." आणि ती धावत सुटली.

पेटीवर पत्रं काढायची वेळ लिहिलेली असते आणि मी रोज तिच्यावरून जाते: शनिवारी एक वाजता. खिडकीतून सभागृहातलं घड्याळ दिसलं, एकला पाच कमी. मी ठिपकाचा हात धरला आणि आईच्या मागे पळाले. पोरीला काही कळेना. "बाई, काय झालं? बाई, मी काय केलं?" काही नाही केलंस गं बाळा, मी म्हणत होते, काही नाही. मला धाप लागली होती आणि डोळ्यांपुढे फक्त तो कोपरा होता.

कोपऱ्यावर पोस्टाची गाडी उभी होती. इंजिन चालू. पोस्टमन पेटीपुढे उकिडवा बसला होता, पेटीचं दार उघडं, आणि पत्रं मुठीमुठीनं थैलीत जात होती. आईनं त्याच्या थैलीचा बंद धरला.

"दादा, एक पाकीट परत हवंय."

"हात काढा." त्यानं वर पाहिलंही नाही. "पेटीत पडलं की संपलं. अर्ज करा, सोमवारी साहेबांना भेटा."

"सोमवारी ते पोचलेलं असेल."

"ताई, पत्र पेटीतून काढून कुणाच्या हातात दिलं तर माझी नोकरी जाईल. उद्या कुणीही येऊन कुणाचंही पत्र मागेल."

माझं टाळकं सटकलं. "अहो, नोकरीचं काय घेऊन बसलात! इथे माणसाचा जीव..." आणि मी चक्क थैलीत हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट. दोन माणसं थांबून बघायला लागली. आता हा माणूस मुळीच देणार नाही, मीच पुन्हा एकदा सगळ्यावर पाणी ओतलं, असं वाटून मला रडू फुटायच्या बेतात होतं.

आईनं माझा हात बाजूला केला. मग त्याच्यासमोर तीही उकिडवी बसली आणि हळू आवाजात त्याला सांगितलं. फार नाही, पाच-सहा वाक्यं. पावतीचं सांगितलं, हाताचं सांगितलं. बाही वर केली नाही, लेक समोर होती. तो ऐकत होता आणि हातातली पत्रं तशीच धरून होता. शेवटी त्यानं थैलीत चाचपून एक पाकीट वर काढलं. हिरव्या स्केचपेननं लिहिलेलं, ओळी खाली घसरत गेलेल्या. त्यानं ते स्वतःच्या गुडघ्यावर पालथं ठेवलं.

"आईला देता येत नाही," तो म्हणाला. "या बाईंनाही देता येत नाही. ज्यानं टाकलं त्यानं मागितलं, तर मी म्हणेन की पेटीत पडायच्या आधीच परत घेतलं." तो ठिपकाकडे वळला. "तू लिहिलंयस?"

तिनं मान डोलावली.

"परत हवंय तुला?"

"नको," ठिपका म्हणाली.

गाडीच्या चालकानं हॉर्न वाजवला. पोस्टमननं आईकडे पाहिलं.  मी गुडघे टेकले. संधिवातानं कुरकुरणारे गुडघे फुटपाथवर टेकले आणि म्हटलं, "ठिपका, ऐक. कार्डाच्या मागे तुझं नाव आहे ना, ते मी घातलं. मी घालायला नको होतं. माझी चूक आहे. ते नाव तिकडे जाता कामा नये, म्हणून परत घ्यायचं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आठ वर्षांची पोर, पण बघणं असं की मला नजर खाली घालावीशी वाटली.

"पण बाई," ती म्हणाली, "नाव माझंच आहे ना?"

 

"तुझंच आहे," आई म्हणाली. "छान छापलंय. मी पाहिलं."

"मी सगळ्यांना दाखवलं. आजीलाच नाही दाखवलं."

"हो."

"मी आत लिहिलंय, बाबांना सांगू नकोस म्हणून."

आईनं डोळे मिटले. म्हणजे पोरीला सगळं कळत होतं. आपण आपले मोठ्यांच्या गोष्टी कुजबुजत बोलतो आणि समजतो की त्यांच्या कानावर पडत नाहीत.

"पत्र कोण उघडतं तिकडे?" आईनं विचारलं. "आठवतंय?"

 ठिपका बुटाच्या टोकानं फुटपाथ खरवडत राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. मग तिनं पोस्टमनपुढे हात केला आणि म्हणाली, "द्या."

त्यानं दिलं. थैलीचं तोंड आवळलं, पेटीला कुलूप लावलं आणि आमच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला. गाडी वळणापलीकडे गेली. वीसच्या वीस मिळाली, बॅगा उचलाव्या लागणार नव्हत्या, मी देवाचे आभार मानायला हवे होते. पण मी फुटपाथवरून उठत नव्हते.

ठिपकानं पाकीट आईला दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"आई, आता आजीला वाटेल मी तिला विसरले."

मी मनात म्हटलं, सांग ना बाई काहीतरी. सांग की आजीला सगळं कळतं, सांग की नंतर पाठवू. आपण सगळेच पोरांना असलं काहीतरी सांगतो.

"हो," आई म्हणाली. "वाटेल."

आणि तिनं त्या एवढ्या मोठ्या पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि शाळेच्या उलट्या दिशेनं, घराकडे चालू लागली. पोर तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती, पाकीट तिच्या मुठीत चुरगळत होतं. मी थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागून चालत राहिले. जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.